शब्दाला जामीन



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपले उभे आयुष्य खेड्यापाड्यांतील सहकारी सोसायट्यांची दप्तरे लावून देण्यात आणि त्या दप्तरांमागची माणसे ओळखण्यात वेचले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानाचा विषय मीच निवडावा असे आपण मला कळविलेत, तेव्हा मनात दुसरे नाव आलेच नाही. मी आज प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांच्याविषयी बोलणार आहे. त्यांना विद्यार्थिदशेत मी ऐकले, त्यांच्यासमोर बसण्याचा योगही मला लाभला, आणि पुढे सहकारी बँकेच्या चाकरीत जी वर्षे गेली त्या सर्व वर्षांत त्यांचा एखादा अहवाल टेबलावर नाही असा काळ फारसा आला नाही. आदराने बोलणार आहे हे प्रारंभीच सांगतो. परंतु ज्याने जन्मभर प्रत्येक विधानामागे आधार मागितला, त्याच्याविषयी निराधार बोलणे हा त्याचा अनादरच ठरेल. म्हणून आदराची कारणे मी आपल्यापुढे मांडणार आहे.

अर्थशास्त्र हे आपल्या प्रांतात आधी व्यासपीठावरून बोलले गेले आणि मग वर्गात शिकविले गेले, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात इंग्लंडातील ग्रंथांत मांडलेले सिद्धान्त या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हा विचार त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला. दादाभाईंनी दारिद्र्याचे गणित सभांतून मांडले. गणेश व्यंकटेश जोशी यांनी आकडे जुळविले आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ते कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात, अंदाजपत्रकावरील भाषणांत, सरकारच्या तोंडावर वाचून दाखविले. बोलण्याची ही एक परंपरा आहे, आणि ती परंपरा अशी की बोलणारा जे बोलेल त्याला तो स्वतः जामीन राहील. धनंजयराव या परंपरेतले. त्यांच्या शब्दाची किंमत कशात होती, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी म्हणेन, ते बोलण्यापूर्वी मोजीत आणि बोलल्यानंतर स्वतःला बांधून घेत. आजचे सारे विवेचन या दोन क्रियांभोवतीच फिरेल.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगतो. जन्म नाशिकला, १० एप्रिल १९०१ रोजी. शिक्षण नागपूरला आणि मग केंब्रिजला. केंब्रिजच्या पदवीसाठी लिहिलेला हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा ग्रंथकार तेवीस वर्षांचा होता. मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी, सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद, आणि १९३० साली पुण्यात, साताऱ्याचे रावबहादुर काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे संचालकपद. ते त्यांनी १९६६ पर्यंत सांभाळले. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, राज्यसभेचे सभासद, १९६७ ते १९७० नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. आणि ३ मे १९७१ रोजी देहावसान. पदांची ही यादी कोणत्याही कोशात सापडेल. तिच्यावरून माणूस कळत नाही.

मी त्यांना प्रथम ऐकले ते साठीच्या दशकाच्या आरंभी. अलंकारिक वक्तृत्वाची ज्यांना सवय होती, आणि त्या काळी पुण्यात ती बहुतेकांना होती, त्यांना हे भाषण रूक्ष वाटले असेल. आवाज चढत नव्हता, हातवारे नव्हते, टाळ्यांसाठी थांबणे नव्हते. एक विधान, त्याला लागणारी मर्यादा, त्या मर्यादेतही ते विधान का टिकते याचे कारण, आणि मग पुढले विधान, अशा क्रमाने ते जात होते. आणि आपण मध्येच कोठे लक्ष काढून घेतले तर पुढची पायरी पायाखाली सापडत नाही, असा अनुभव येत होता. वृत्तपत्रांतील अग्रलेखांवर पोसलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला त्या दिवशी प्रथमच कळले की श्रोत्याचा मान राखणे म्हणजे त्याला खूष करणे नसून त्याच्या बुद्धीवर भार टाकणे होय. समोर बसलेला मनुष्य विचार करू शकतो, हे त्यांनी गृहीतच धरलेले होते. त्याहून मोठा मान वक्ता श्रोत्याला कोणता देणार?

पुढे एका प्राध्यापकांच्या शिफारशीने त्यांच्यासमोर जाण्याची संधी मिळाली. माझे गाव पाथर्डी तालुक्यातले, पर्जन्यछायेतले. त्यांनी माझ्या अभ्यासक्रमाविषयी विचारलेच नाही, गावाविषयी विचारले. विहिरी किती आणि त्यांपैकी उन्हाळ्यात पाणी राहणाऱ्या किती, पेरणीपूर्वी बी-बियाण्याला पैसा कोठून येतो, सोसायटी आहे का, असल्यास तिचे सभासद कोण आणि सभासद नसलेले कोण, आणि ज्या घरांना गावात काम नसते ती वर्षाचे किती महिने कोठे जातात. मी जे पाहिले होते ते सांगत गेलो आणि ते ऐकत गेले. मला आठवते ते त्यांचे ऐकणे. अहवालांच्या हजारो पृष्ठांवरून ज्यांची नजर गेलेली, सरकारच्या समित्यांवर ज्यांचे मत वजनदार समजले जाई, असा हा गृहस्थ एका विद्यार्थ्याच्या तोंडून एका कोरडवाहू गावाचा जमाखर्च अशा एकाग्रतेने ऐकत होता, की जणू तो मजकूर त्यांना अन्यत्र मिळण्यासारखाच नव्हता. तेथून निघताना हे सारे घरोघर जाऊन मोजून काढावे असा सल्ला मला मिळाला, आणि त्या सल्ल्याने माझ्या पुढील आयुष्याची दिशा ठरली.

मोजणे, श्रोतेहो, ही त्यांच्या दृष्टीने केवळ शास्त्रीय शिस्त नव्हती. त्यांचा पहिला ग्रंथच पाहा. हिंदुस्थानचे हस्तव्यवसाय कसे बुडाले, या प्रश्नावर त्या काळी एकच उत्तर सर्वतोमुखी होते: विलायती यंत्रांनी ते मारले. तेवीस वर्षांच्या या तरुणाने ते उत्तर नाकारले नाही, परंतु त्यावर तो थांबलाही नाही. देशी दरबार नाहीसे झाले तेव्हा उंची मालाचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. परकी सत्तेबरोबर आलेल्या अभिरुचीने नवशिक्षित वर्गाने देशी वस्तूंकडे पाठ फिरविली. आणि या दोहोंनी आधीच खिळखिळ्या झालेल्या कारागिरीवर यंत्रमालाची स्पर्धा येऊन कोसळली, अशी अनेक कारणांची गुंफण त्याने उलगडून दाखविली. यात आपल्याच समाजाची जबाबदारीही येत होती. परक्यावर सारा दोष टाकणे सोपे असताना त्याने दोषाची वाटणी केली, आणि तीही देशप्रेमाला उणेपणा न आणता.

पुण्यास आल्यावर हीच दृष्टी त्यांनी पायांखालच्या जमिनीकडे वळविली. संस्थेच्या आरंभीच्या कामांत पुण्याच्या फळबाजाराचा अभ्यास आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या बागेतून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत दलालाच्या, अडत्याच्या आणि किरकोळ विक्रेत्याच्या हातून जाताना रुपयाचे किती वाटे होतात याचा शोध. मग वाई तालुक्यातील शेतीच्या आर्थिक व्यवहारांची पाहणी, जी १९४० साली प्रसिद्ध झाली. मग खुद्द पुणे शहराची सामाजिक आणि आर्थिक पाहणी, जिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली निघाले. आज अशा पाहण्या शेकड्यांनी होतात. त्या काळी ज्या शहराला आपल्या विद्वत्तेचा अभिमान होता, त्या शहरात माणसे राहतात कशी आणि कमावतात किती, हे दारोदार फिरून विचारणे विद्वानाच्या प्रतिष्ठेचे काम समजले जात नव्हते. गाडगिळांनी ते प्रतिष्ठेचे केले.

आता मी अशा एका प्रसंगाकडे वळतो, ज्याविषयी सविस्तर बोलण्याची माझी इच्छा आहे. कारण एखाद्या अर्थशास्त्रज्ञाचे बोलणे ऐकून एक मुलूख बदलला, असे म्हणण्याजोगे प्रसंग आपल्या इतिहासात फार नाहीत.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचा उत्तर भाग आपल्या डोळ्यांसमोर आणा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत लागोपाठ पडलेल्या दुष्काळांनी सरकारला पाटबंधाऱ्यांचा विचार करावयास लावले, आणि त्यातून गोदावरीचे, प्रवरेचे कालवे निघाले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. बाजरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पाटाचे पाणी आले, पाण्याबरोबर ऊस आला, आणि उसाबरोबर कर्ज आले. ऊस हे पीक वर्षाहून अधिक काळ शेतात उभे राहणारे, खताला आणि मजुरीला पैसा मागणारे. तो पैसा सावकाराने द्यावयाचा, गूळही बहुधा त्याच्याच अडतीवर जावयाचा, आणि भाव पडला की कर्जरोख्यावरचा आकडा तेवढा वाढावयाचा. १९३० नंतरच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले तेव्हा पाणी आलेल्या गावांतच जप्त्या अधिक, असा विपरीत देखावा दिसू लागला. १९३२ साली साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले, त्या सुमारास याच पट्ट्यात खाजगी साखर कारखाने उभे राहिले आणि चांगले चालले; परंतु त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या, आणि ज्याची जमीन त्यानेच तिच्यावर मजुरीला जावे, असे पुष्कळांच्या वाट्याला आले.

या पार्श्वभूमीवर १९४५ साली बेलापूर रोड येथे, म्हणजे ज्याला आपण आज श्रीरामपूर म्हणतो तेथे, बागाईतदारांची परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी धनंजयराव होते. समोर बसलेला समाज कोणता होता? धोतर-पागोट्यातला, अंगठा उठविण्याची सवय लागलेला, शहरातून आलेल्या प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहणारा. त्याचा संशय अनाठायी होता काय? मुळीच नव्हता, त्याच्या पिढ्यांनी कागदावरच जमिनी गमावल्या होत्या. अशा समाजापुढे केंब्रिजचा पदवीधर काय बोलला? ऊस पिकविणाऱ्यांनीच आपला सहकारी कारखाना काढावा, ही कल्पना त्याने मांडली. साखरेच्या धंद्यात नफा आहे हे खाजगी कारखान्यांनी सिद्ध केले आहे. तो नफा होतो तो उसामुळे, आणि ऊस तुमचा आहे. मग कारखाना तुमचा का नसावा, असा तो सरळ युक्तिवाद होता.

हे बोलणे ऐकणाऱ्यांत लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील होते. शाळेचे शिक्षण जेमतेम चार इयत्तांचे. परंतु गावात सहकारी पतपेढी त्यांनी १९२३ पासून चालविलेली, म्हणजे सहकाराच्या व्यवहारात मुरलेला मनुष्य. विखे पाटलांनी ती कल्पना उचलली आणि बैलगाडीतून गावोगाव फिरून भाग जमविले. लोकांना भीती होती की हाही जमीन काढून घेण्याचाच डाव असावा. ती भीती काढणे व्याख्यानाने होण्यासारखे नव्हते. आपल्यातलाच मनुष्य ओट्यावर येऊन बसतो आणि स्वतःचा भाग आधी भरतो, तेव्हाच ती जाते. मुंबई सरकारात त्या वेळी वैकुंठभाई मेहता अर्थमंत्री होते. त्यांनी सरकारी भांडवलाचा हात दिला. १९४८ साली कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या गळीत हंगामात प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या मालकीची साखर तयार झाली.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. कल्पना सांगून अध्यक्ष पुण्याला परत गेले आणि पुढे कारखान्याच्या उद्घाटनाला पाहुणे म्हणून आले, असे घडले नाही. कारखान्याचे पहिले अध्यक्षपद धनंजयरावांनी स्वतः स्वीकारले आणि ते सुमारे दशकभर सांभाळले. उपाध्यक्ष विखे पाटील. म्हणजे एका मोठ्या संशोधनसंस्थेचा संचालक कर्जाच्या अर्जांवर, यंत्रसामग्रीच्या खरेदीवर, उसाच्या भावावर, तोडणीच्या पाळीवर सह्या करीत होता, आणि कारखाना बुडाला असता तर ज्यांनी त्याच्या शब्दावर विश्वासून भाग घेतले त्यांच्यासमोर त्यालाच उभे राहावे लागले असते. मी ज्याला जामीन राहणे म्हणतो ते हे. सल्ला देणारे अर्थशास्त्रज्ञ आपल्याकडे कमी नाहीत, आणि सल्ला चुकला तर तो अमलात आणणाऱ्यांचा दोष म्हणून बाजूला होण्याची सोय त्या सर्वांना असते. ती सोय धनंजयरावांनी आपणहून सोडून दिली.

असे का केले असावे? माझी समजूत अशी की, सहकारी संस्था म्हणजे काय हे दोन प्रकारच्या माणसांनी एकत्र बसल्याखेरीज सिद्ध होत नाही, असे त्यांना वाटत होते. विखे पाटलांना माणसे ठाऊक होती, हिशेबाची तालीम घरच्या व्यवहारातून मिळाली होती. परंतु कंपनी कायदा, औद्योगिक कर्ज, परदेशी यंत्रे यांचे दालन त्यांना बंद होते. गाडगिळांना ते दालन उघडे होते. परंतु लोणीच्या ओट्यावर त्यांचा शब्द एकट्याने चालणारा नव्हता. त्या दोघांची जोडी जमली, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील मोठी घटना आहे असे मी मानतो. ब्राह्मण पंडित आणि मराठा शेतकरी यांच्यामध्ये त्या काळात केवढे अंतर पडलेले होते, आणि १९४८ सालाच्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर, महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर काय गुदरले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना, त्याच वर्षी नोंदलेल्या या संस्थेच्या संचालकमंडळाच्या टेबलाचे मोल निराळे सांगावयास नको.

लोकप्रिय मताविरुद्ध जाण्याचे धैर्यही त्यांच्यात होते, आणि त्याचा एक दाखला पुरे. १९४७ साली वस्तूंच्या किमतींविषयी सरकारला सल्ला देण्यासाठी जे मंडळ नेमले गेले, त्यात सनदी सेवेतील गोरवाला आणि गाडगीळ होते. धान्यावरील नियंत्रणे घाईने उठवू नयेत असे त्यांचे मत. नियंत्रणांना लोक कंटाळलेले, व्यापारी विरोधात, आणि खुद्द गांधीजी ती उठविण्याच्या बाजूचे. नियंत्रणे उठली, किमती भडकल्या, आणि वर्षाच्या आत ती पुन्हा बसवावी लागली. आपण खरे ठरलो याचा आनंद मानण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण मधल्या महिन्यांत ज्यांनी चढ्या भावाने ज्वारी घेतली ते गरीबच होते.

मग अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी. रिझर्व्ह बँकेने ती १९५१ मध्ये हाती घेतली. समितीचे अध्यक्ष गोरवाला, सभासदांत गाडगीळ, वेंकटप्पय्या आणि शास्त्री. ७५ जिल्हे, ६०० गावे, १,२७,३४३ कुटुंबे. शेतकरी वर्षभरात जे कर्ज काढतो ते त्याला कोण देतो, एवढाच प्रश्न. उत्तर १९५४ च्या अहवालात आले: १०० रुपये कर्जातले सुमारे ७० रुपये सावकाराचे, सरकारचे ३.३, सहकारी संस्थांचे ३.१, आणि व्यापारी बँकांचा तर रुपयाही पुरा नाही. सहकाराचा कायदा या देशात १९०४ साली झाला होता. पन्नास वर्षांच्या परिपत्रकांचे, खात्यांचे, निबंधकांच्या दौऱ्यांचे फलित शंभरात तीन! सहकारी बँकेत नोकरीला लागल्यावर मी तो तक्ता पहिल्यांदा पाहिला, आणि आपण ज्या खात्याचे मीठ खातो त्या खात्याने ही लाज छापून प्रसिद्ध होऊ दिली याचे मला नवल वाटले. समितीने निष्कर्षही लपविला नाही. सहकार अयशस्वी झाला आहे, हे तिने म्हटले. आणि तरीही तो यशस्वी केलाच पाहिजे, हेही म्हटले.

या दोन विधानांत विसंगती आहे काय? वरवर पाहणाऱ्याला ती दिसते. परंतु त्या दोहोंच्या मधला विचार असा की, दुबळ्या माणसांनी आपापसांत एकत्र यावे आणि सावकार, अडत्या, व्यापारी यांच्या साखळीशी स्वबळावर टक्कर द्यावी, ही अपेक्षाच अन्यायाची होती. म्हणून सरकारने भागभांडवलात वाटा उचलावा, कर्ज जमिनीच्या तारणापेक्षा पिकाच्या गरजेवर द्यावे, त्याची वसुली मालाच्या विक्रीशी जोडावी, गावोगाव गुदामे बांधावीत, अशी सबंध रचना समितीने मांडली. इंपीरियल बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली ती याच अहवालाच्या ओघात. आमच्या बँकेच्या शाखेत एखादा दोन एकरवाला शेतकरी पीककर्जाचा अर्ज घेऊन येई, सातबाराचा उतारा पुढे करी, आणि गहाणखत न लिहिता कर्ज घेऊन जाई. त्याला गोरवाला ठाऊक नव्हते, गाडगीळ ठाऊक नव्हते. असे निनावी उपकार करून ठेवणे ही मला विद्वत्तेची फार वरची पायरी वाटते.

दिल्लीतील त्यांच्या कारकीर्दीविषयी मी एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्यात त्यांचा स्वभाव सर्वांत स्वच्छ दिसतो. ते उपाध्यक्ष झाले तेव्हा तिसरी योजना संपून चौथी सुरू व्हावयाची होती, आणि केंद्राने राज्यांना किती साहाय्य द्यावे हे योजनागणिक, मुख्यमंत्र्यांच्या दिल्लीवाऱ्यांगणिक ठरत होते. ज्याचे वजन अधिक त्याला माप अधिक. गाडगिळांनी त्या जागी एक सूत्र बसविले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांचा हिस्सा प्रथम बाजूला काढावयाचा. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात, १० टक्के ज्यांचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी त्या राज्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नानुसार, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी, आणि १० टक्के विशेष अडचणींसाठी. साहाय्यात ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज. १९६९ पासून ते लागू झाले.

यातील दुसरी बाब पाहा. दरडोई उत्पन्नाच्या त्या १० टक्क्यांत महाराष्ट्राला छदामही मिळावयाचा नव्हता, कारण महाराष्ट्राचे उत्पन्न सरासरीच्या वर होते. ज्याने संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला आपल्या विद्वत्तेचे बळ दिले त्याच मनुष्याने हे लिहिले. मागास राज्यांना या सूत्राने पुरेसे दिले नाही, लोकसंख्येवर भार अधिक ठेवला, अशी टीका झाली आणि तीत तथ्य होते. सूत्र पुढे बदललेही. २०१५ साली नियोजन आयोगच संपला. परंतु वाटपाचा नियम आधी छापून ठेवावयाचा आणि मग त्याप्रमाणे वाटावयाचे, म्हणजे मागणाऱ्याला हात पसरावा लागत नाही, हा त्यातला मूळ विचार मला आजही राज्यकारभाराच्या शुचितेचा पाया वाटतो.

श्रोतेहो, एवढे गुणवर्णन केल्यावर एका प्रश्नाला सामोरे जाणे मला टाळता येणार नाही. प्रवरेच्या काठी जे उभे राहिले त्याचे पुढे काय झाले? कारखाने वाढले, त्यांच्याभोवती शाळा, दवाखाने, रस्ते, महाविद्यालये उभी राहिली, ज्यांच्या आजोबांनी कर्जरोख्यावर अंगठे उठविले त्यांची नातवंडे अभियंते झाली. हे सारे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याची थोरवी कमी लेखणाऱ्यांशी मी वाद घालीन. परंतु त्याच काळात कारखान्याची सत्ता काही घराण्यांत साचली, पाण्याचा मोठा वाटा उसाने घेतला, पुष्कळ कारखाने कर्जात बुडाले आणि त्यांतले काही खाजगी मालकांनी लिलावात घेतले. आणि यांहून मला अधिक टोचते ती गोष्ट वेगळीच आहे. कारखाना उसाच्या मालकाच्या मालकीचा झाला. जो ऊस तोडतो त्याच्या मालकीचा तो कधीच झाला नाही.

माझ्या तालुक्यातून, शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी लोक तोडणीला जातात. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. टोळी जमविणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन जातो. ती मुलीच्या लग्नात, आजारपणात, मागच्या हंगामाच्या बाकीत खर्चून जाते, आणि मग पाच-सहा महिने पालात राहून, पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधून ती फेडावयाची. फिटली नाही तर पुढल्या वर्षावर चढते. पतपाहणीने ज्या सावकाराला शंभरात सत्तर रुपयांचा धनी म्हणून पकडले होते, तो शेतकऱ्याच्या दारातून काही अंशी हटला. शेत नसलेल्याच्या दारात तो मुकादमाच्या रूपाने बसलेला आहे. हे धनंजयरावांच्या विचाराबाहेरचे आहे असे मला वाटत नाही. त्यांनी १९६५ साली हिंदुस्थानातील कष्टकरी स्त्रियांच्या श्रमाचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला होता. शेतात आणि कारखान्यात बाई काय करते आणि तिच्या नावावर काय जमा होते, हा प्रश्न त्यांना दिसत होता.

म्हणून आज या सभागृहात जे तरुण बसले आहेत, आणि ज्या संस्थांचे चालक बसले आहेत, त्यांच्यापुढे मी एक काम ठेवतो. ऊसतोडणी कामगारांची पतपाहणी करा. नमुन्याची गावे निवडून, कुटुंब वगळू न देता, त्याच चिकाटीने. कोयत्यामागे उचल किती घेतली आणि ती कोणत्या कामी खर्च झाली? ती देताना कागद केला काय, आणि तो कोणाच्या दप्तरी आहे? मुकादमाला कारखान्याकडून किती मिळाले, आणि त्यातून त्याने स्वतःचे किती ठेवले? टनाला ठरलेल्या दरापैकी बाईच्या हातात प्रत्यक्ष किती पडले? वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेला पैसा कोणी घेतला? हंगामात बरोबर नेलेल्या मुलांचे शाळेचे किती महिने बुडाले, आणि मागे ठेवलेल्यांना कोणी सांभाळले? परतल्यावर बाकी किती राहिली? या प्रश्नांच्या छापील तक्त्यांसाठी लागणारा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन, हे या व्याख्यानमालेच्या कार्यवाहांना मी लेखी कळविले आहे. फक्त एक काळजी घ्यावी लागेल. पाहणीला जाणाऱ्यांनी दसऱ्याच्या आत त्या वाड्यावस्त्यांवर पोचले पाहिजे. त्यानंतर गाड्या भरून निघतात आणि उत्तरे देणारी माणसे वैशाखापर्यंत गावात सापडत नाहीत.